बायोसचा मुहूर्त

आमच्या लॅपटॉपचं निधन एका सोमवारी सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांनी, विधिवत पूजा झाल्यावर, साठ-सत्तर लोकांच्या उपस्थितीत झालं. लाईट गेली नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी अख्ख्या सिरसाळ्याचं लक्ष फक्त लाईटीकडं होतं, आणि लाईटीनं आम्हाला अजिबात दगा दिला नाही.

गोष्ट नव्याण्णव सालची. सिरसाळ्यात आमचं शेतीच्या सामानाचं दुकान. विळे, खुरपी, दोर, पोहरे, खिळे, मोटारीचे पाइप. दुकान आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. मी अंबाजोगाईला जाऊन तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो होतो आणि त्याचं सर्टिफिकेट आप्पांनी काचेत बसवून गल्ल्याच्या बरोबर वर टांगलं होतं. (त्याआधी तिथं फवारणीच्या पंपाचं कॅलेंडर होतं.) गिऱ्हाईक खुरप्याची धार उजेडात धरून बघायला लागलं की आप्पा त्याला म्हणायचे, "जरा वर बी बघा. पोरगं इंजिनिअर हाय." तीन महिन्यांचा इंजिनिअर त्या काळी आमच्या भागाला पुरेसा होता. मीही कधी कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही.

त्यात दाजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांनी, मला लॅपटॉप दिला. ते पुण्याला एका कंपनीत होते. कंपनीनं जुनी यंत्रं काढून टाकली, त्यातलं एक त्यांनी माझ्यासाठी आणलं. वजन साडेतीन किलो. (आप्पांनी दुकानाच्या काट्यावर तोलून खात्री करून घेतली.) बॅटरी चार मिनिटं टिकायची, म्हणजे वायर खोचलेली असेल तरच यंत्र चालायचं. तरीही मी परळीला जाताना तो एस.टी.त मांडीवर घेऊन बसायचो. उघडायचा प्रश्नच नव्हता, पण बंद लॅपटॉपचाही एक रुबाब असतो आणि आमच्या गाडीत तो फक्त माझ्याकडं होता.

त्याच साली माझ्या धाकट्या बहिणीचं, गिरिजाचं, लग्न ठरलं. लग्न नव्या वर्षात, माघात. आता आमच्याकडं लग्नात जेवणावळीपेक्षा अवघड काम म्हणजे आवतणाची यादी. एखादं नाव राहिलं तर तो माणूस भांडायला येत नाही. भांडला तर परवडलं असतं. तो गप्प बसतो, आणि पुढं पंधरा वर्षं आपल्या दारावरून जाताना मान दुसरीकडं वळवून जातो. ताईच्या लग्नात असं एक नाव राहिलं होतं. लिंबागणेशाचे मन्मथकाका, आप्पांचे सख्खे चुलतभाऊ. एकाच विहिरीत दोघं पोहायला शिकलेले. पण वाटणाऱ्याच्या हातून त्यांची पत्रिका राहून गेली, आणि त्यानंतर काकांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. आप्पा लिंबागणेशाला गणपतीच्या दर्शनाला गेले तरी काकांची गल्ली टाळून मागच्या वाटेनं जायचे.

म्हणून या वेळी आप्पांनी मला समोर बसवून सांगितलं, "बसू, एक बी नाव सुटाया न्हाई पायजे. मन्मथच्या दारात मी स्वतः जाणार हाय. बाकीचं तुझ्यावर."

मला एवढंच पाहिजे होतं. आवतणाच्या नावांची आप्पांची जुनी वही समोर ठेवून मी महिनाभर यादी लॅपटॉपमध्ये टाइप केली. गावाप्रमाणे, गल्लीप्रमाणे, आडनावाप्रमाणे. साडेसहाशेच्या वर नावं झाली. काम संपलं त्या दिवशी आप्पांनी वही हातात घेऊन विचारलं, "ही ठिवायची का?"

"कशाला आप्पा? आता समदं कायमचं मशीनीत हाय. कागदाचा जमाना गेला."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं आजवर फक्त सर्टिफिकेटकडं बघायचे. मग वही गल्ल्याशेजारी ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची पानं फाडून खिळ्यांच्या पुड्या बांधायला सुरुवात केली. दर्जेदार जाड कागद होता. दिवाळीपर्यंत वही संपली.

दिवाळीनंतर पेपरांत रोज यायला लागलं की दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर गोंधळणार, त्यांना साल कळणार नाही. मी म्हटलं, इंजिनिअर घरात असताना पेपरवर कशाला विसंबायचं? सगळ्यांना ओट्यावर बोलावलं, लॅपटॉपमध्ये नव्याण्णवच्या शेवटच्या दिवशीची रात्रीची बारा वाजायला दोन मिनिटं अशी वेळ घातली आणि वाट बघत बसलो. दोन मिनिटं झाली. यंत्रानं शांतपणे साल दाखवलं, एकोणीसशे ऐंशी.

"ऐंशीत तर मी चार वर्षांची होते," गिरिजा म्हणाली. "म्हंजी मशीनीच्या हिशेबानं माझा बालविवाह लागणार?"

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या यंत्रानं माझ्या कुटुंबासमोर, माझ्या बायकोसमोर वीस वर्षांची चूक करावी ही गोष्ट मला लागली. मी जाहीर केलं, "बायोस बदलावा लागंल."

"ते काय असतंय?" आप्पांनी विचारलं.

"माणूस झोपंतून उठला की आधी त्याला मी कोण, कुठं हाय, आज वार कोणता, हे कळतंय ना? मग तो बाकीच्या कामाला लागतो. मशीनीचं ते पहिलं भान म्हंजी बायोस. ते जुनं झालंय. नवीन टाकायचं."

आप्पांनी विचार केला. "आता उठल्यावर त्याला भान येतंय का?"

"येतंय."

"यादी दिसती का?"

"दिसती."

"मग कावून हात लावतो बे त्याला?"

इतका नेमका तांत्रिक सल्ला मला पुढं आयुष्यात कुणीही दिला नाही. पण देणाऱ्या माणसाच्या हातात त्या वेळी पोहऱ्याची कडी होती आणि माझ्याकडं सर्टिफिकेट होतं, त्यामुळं मी तो कानाआड केला.

एस.टी.डी. बूथवर जाऊन दाजींना फोन लावला. दाजी म्हणाले, "बसू, चालतंय ना? मग राहू दे. साल चुकलं तर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी हातानं बदल, काम झालं. बायोस अर्धवट राहिला तर मशीन उठणारच नाही." मला वाटलं, पुण्याच्या माणसाला सिरसाळ्याच्या माणसानं बायोसला हात लावावा हे सहन होत नाही. मी हट्टच धरला. शेवटी त्यांनी नवीन बायोस भरलेली एक फ्लॉपी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवली. सोबत चिठ्ठी होती, दोन ओळींची. "गरज नसेल तर करू नकोस. केलंस तर मध्ये लाईट जाऊ देऊ नकोस." पहिली ओळ मी वाचली, एवढंच म्हणतो. दुसरी मी जिवापाड पाळली.

लाईट जाऊ द्यायची नाही हे सिरसाळ्यात म्हणायला सोपं नव्हतं. वीज परळीला तयार होते. तिथल्या धुराड्यांचा धूर आमच्या गच्चीवरून दिसायचा. पण ती वीज आमच्या डोक्यावरून जाड तारांनी कुठंतरी लांब निघून जायची आणि आमचा बल्ब तिच्याकडं बघत बसायचा. मी हनुमंत वायरमनला गाठलं.

"अर्धा तास," मी म्हणालो. "अर्ध्या तासात लाईट गेली तर मशीन मेलं."

"म्हंजी आपरेशनच की," हनुमंत म्हणाला.

"तसंच समज."

"मग फिकीर सोडा, बसूभाऊ. मी डीपीपाशी उभा ऱ्हातो. वरून गेली तर माझा इलाज न्हाई, पर गावातनं कुणी फ्यूजला हात लावला तर मी हाय." वरूनही जाऊ नये म्हणून त्यानं सबस्टेशनातल्या ओळखीच्या माणसाला निरोप धाडला. निरोपात 'आपरेशन' हाच शब्द होता असं नंतर कळलं. तिथल्या माणसानं पेशंट कोण हे विचारलं नाही, सरळ होकार दिला.

राहिला प्रश्न व्होल्टेजचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रज्जाकभाईंची पिठाची गिरणी. ती सुरू झाली की गल्लीतले सगळे बल्ब लाल व्हायचे. मी त्यांच्याकडं गेलो.

"कित्ती देर बंद रखूं?" त्यांनी विचारलं.

"एक तास, रज्जाकभाई."

"दो घंटे रखता मैं. तुम्हारा काम नक्को रुको. गाँव का नाम है." बोलताना ते पट्ट्यावर हात ठेवून उभे होते. मला भरून आलं. गावाचं नाव आता माझ्या फ्लॉपीवर होतं.

मुहूर्त आप्पांनी काढून आणला. आमच्या घरी मोटार असो, काटा असो, पहिल्यांदा चालवायच्या आधी आमच्या जंगम स्वामींच्या हातून पूजा होते. स्वामी म्हणाले सोमवार, सकाळी साडेदहानंतर. मी हरकत घेतली नाही. उलट मला ते शोभून दिसलं. पुण्यात लोक बायोस कसाही, कधीही बदलत असतील, आमच्याकडं त्याला मान होता.

सोमवारी सकाळी ओट्यावर पाट मांडला, पाटावर लॅपटॉप, लॅपटॉपसमोर केळीच्या पानावर फ्लॉपी. घरातले पंखे बंद, फ्रिज बंद. माझ्या बायकोला, सुनंदाला, मी सकाळीच बजावलं होतं की मिक्सरला हात लावायचा नाही. "पाट्यावर वाटते," ती म्हणाली, "पर चटणी जाडी-भरडी झाली तर तुमच्या बायोसचं नाव सांगणार." गिरणी बंद असल्यामुळं दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका कुठं जाणार, त्या आमच्या ओट्यासमोर येऊन बसल्या. त्यांना बघून बाप्ये थांबले. वेल्डिंगवाल्यानं न सांगता आपलं दुकान बंद ठेवलं आणि तोही आला. गल्लीच्या टोकाला डीपीच्या खांबाखाली हनुमंत हातात काठी घेऊन उभा होता. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खरं सांगतो, लग्नातही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

स्वामींनी लॅपटॉपला गंध लावलं, फूल वाहिलं. मग फ्लॉपी उचलली. इथं स्वामींचा एक नियम सांगायला हवा. पूजा अवजाराच्या कामाच्या जागी करायची. विळ्याच्या मुठीला गंध लावणारा माणूस त्यांच्या नजरेतून उतरायचा. गंध पात्याला. नांगराचा फाळ, काट्याचं पारडं, मोटारीचा पंखा. आप्पाही दसऱ्याला दुकानातल्या प्रत्येक खुरप्याच्या धारेला बोट लावत जायचे.

स्वामींनी फ्लॉपी उलटीपालटी केली. "हे तर वरचं खोकं हाय. काम कुठं होतंय हिचं?"

साठ-सत्तर लोक. सगळ्यांच्या माना माझ्याकडं. आणि मला तांत्रिक प्रश्न विचारला गेलेला.

"आत होतंय, स्वामी," मी म्हणालो, आणि अंगठ्यानं तिची पत्र्याची झडप बाजूला सारली. आत काळी, चकचकीत, तलम चकती दिसली. बायकांत कुजबुज झाली. मला राहवलं नाही. मागच्या बाजूनं बोट घालून मी ती चकती थोडी फिरवून दाखवली. "फिरती बी."

"असं हाय तर," स्वामी प्रसन्न झाले. त्यांनी ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवली आणि चकतीवर तीन आडवे पट्टे ओढले. (आता लपवून काय करू, मी चकती आणखी फिरवली आणि म्हणालो, "स्वामी, ह्या अंगाला राहिलं.") त्यांनी त्याही अंगाला ओढले. मग मी मोठ्या जबाबदारीनं सगळ्यांना सांगितलं, "दोन मिनिटं थांबा. ओली हाय. सुकू द्या, मग घालू."

अंबाजोगाईला आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की त्या चकतीला बोट लागू द्यायचं नाही, धूळ बसू द्यायची नाही. परीक्षेत हा प्रश्न दोन मार्कांना होता. मी उत्तर बरोबर लिहिलं होतं.

फ्लॉपी आत गेली. पडद्यावर इंग्रजीत ताकीद आली की काम सुरू झाल्यावर वीज तोडू नका. मी मागं वळून ओरडलो, "हनुमंता, लाईट?"

"हाय!" खांबापासून आवाज आला.

मी बटण दाबलं. यंत्रानं आधी जुना बायोस पुसला, मग फ्लॉपीवरून नवीन उतरवायला घेतला. टक्के दिसायला लागले. मी प्रत्येक आकडा मोठ्यानं सांगत होतो. पाच, दहा, अठरा. वेल्डिंगवाला तो आकडा गल्लीत पोचवत होता. पंचवीस. आप्पा हात जोडून उभे होते. एकतीस. आणि फ्लॉपीच्या खाचेतून आवाज आला. कर्र. थांबून पुन्हा, कर्र, कर्र, कर्र.

सगळ्यांनी एका वेळी बल्बकडं बघितलं. बल्ब पांढराशुभ्र जळत होता.

"लाईट हाय ना?" खांबाखालून हनुमंतनं विचारलं.

"हाय, हाय!" साठ माणसं ओरडली. लोकांना हायसं वाटलं. ज्याची भीती होती ते झालं नव्हतं.

पडद्यावर एक ओळ आली. आप्पांनी विचारलं, "काय म्हणतंय?"

ते म्हणत होतं की फ्लॉपी वाचता येत नाही. मी म्हणालो, "जरा थांबा म्हणतंय."

आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आकडा एकतीसवरून हलला नाही. शेवटी मी बटण दाबलं, यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. पडदा काळा. शिट्टी नाही, दिवा नाही, काही नाही. घड्याळात दहा बावन्न झाले होते.

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. पण समोर बंद गिरणीचे रज्जाकभाई होते, खांबाखालचा हनुमंत होता, पाट्यावर वाटलेली चटणी होती. माझ्या तोंडून निघालं, "झालं."

नारळ फुटला. आप्पांनी पेढे वाटले. रज्जाकभाईंनी गिरणी सुरू केली आणि गल्लीतले बल्ब नेहमीसारखे लाल झाले. हनुमंत येऊन दोन पेढे घेऊन गेला आणि महिनाभर सांगत होता की बसूभाऊच्या आपरेशनला त्यानं लाईट धरून ठेवली. आप्पा दुकानात येईल त्याला सांगत होते, "दोन हजारचं काम करून घेतलं आमी. पोरगं घरचं हाय ना." मी लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला आणि दोन दिवस त्या कपाटाकडं पाठ करून बसलो.

तिसऱ्या दिवशी पत्रिका छापून आल्या. आप्पा गठ्ठा घेऊन ओट्यावर बसले. "काढ यादी. आजपासून नावं टाकाया घेऊ."

"आज जरा..." मी म्हणालो आणि स्वयंपाकघरात गेलो. सुनंदाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "म्हंजी यादी न्हाई?"

"न्हाई."

"आन वही?"

दोघांनीही खिडकीतून दुकानाकडं बघितलं. गिऱ्हाईकं खिळे घेऊन चालली होती.

"जावा आन सांगा," ती म्हणाली. "मी सोबत येते. पर तोंड तुमीच उघडायचं."

मी आप्पांसमोर जाऊन बसलो आणि सांगितलं. फ्लॉपी, विभूती, एकतीस टक्के, 'झालं' हा शब्द, सगळं. सांगताना मला मन्मथकाकांची पाठ दिसत होती, आणि तशा साडेसहाशे पाठी. आप्पांनी पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सरकवला. मग त्यांनी विचारलं, "स्वामींना सांगितलं का?"

"न्हाई."

"सांगू नको. त्यांना वाईट वाटंल." त्यांनी गल्ल्यातून एक कोरी वही काढली, माझ्यापुढं टाकली. "धर पेन. लिही."

"कुठून आप्पा?"

"परळीच्या रस्त्यानं निघू."

आणि ते निघाले. डोळे मिटून, भिंतीला टेकून. गावाचं नाव घ्यायचे, मग वेशीतून आत शिरायचे. "उजव्या हाताला चावडी. तिच्या मागं शिवलिंगप्पा. त्याची दोन पोरं येगळी झाली, दोघांना येगळी पत्रिका. समोर हापसा. हापशाच्या अंगाला विठाबाई, नवरा न्हाई, तिच्याच नावानं लिही. पुढं चल." चालता चालता थांबायचे, मागं वळायचे. "थांब. इथं एक बोळ हाय. बोळात सुतार. त्याच्या पोरानं गिरिजाचा पाळणा केलता." मी लिहीत होतो. गिऱ्हाईक आलं तर सुनंदा उठून देत होती. तीन दिवस आप्पा असे सगळे रस्ते बसल्या जागी चालले. केज, धारूर, माजलगाव, एकेक वाट. कुठंही अडले नाहीत. मी पेन धरून बसलो होतो आणि मला माझ्या बापाचा एवढा अभिमान वाटत होता की अक्षर बिघडायला लागलं. महिनाभर हा माणूस मला यंत्रात नावं भरताना कौतुकानं बघत होता, आणि सगळी गावं त्याच्या डोक्यात शाबूत होती.

"आप्पा, एवढं पाठ हाय तर वही कशाला ठिवली होती?"

"तुझ्या आईसाठी," आप्पा म्हणाले. "ती होती तवर तिला खरं वाटत नव्हतं."

पत्रिका वाटायला सुरुवात झाली. त्यातच एके दिवशी तेलगावकडचा एक शेतकरी दुकानात आला आणि त्यानं गल्ल्यावर एक चुरगळलेला कागद ठेवला. खिळ्यांची पुडी. तिच्यावर त्याचंच नाव, त्याच्या भावांची नावं आणि वर आप्पांनी नव्यानं लिहिलेलं 'गिरिजाच्या लग्नाला'. "पत्रिका पोचली," तो गंभीरपणे म्हणाला. "खिळे आहेर समजायचे का?" आप्पांनी त्याला चहा पाजला आणि खरी पत्रिका हातात दिली.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पेपरवाले म्हणत होते तसं काहीच झालं नाही. ज्यांनी कशालाही हात लावला नव्हता त्यांची यंत्रं चालू होती. आमचं एकच असं होतं की ज्यानं साल चुकीचं दाखवलं नाही, बरोबरही दाखवलं नाही.

लग्नाआधी आठ दिवस दाजी आले. येताना पुण्याहून छापील कागदांचा जाड गठ्ठा घेऊन आले. मी लॅपटॉप आधीच त्यांच्याकडं पाठवला होता. "अरे, बायोस गेला म्हणजे यादी जात नसते," ते म्हणाले. "ती दुसरीकडं असते, डिस्कवर. डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला लावली, सगळी नावं जशीच्या तशी. एक फोन केला असता तर त्याच दिवशी सांगितलं असतं." (बूथ आमच्या दुकानापासून चार दारं.) मग त्यांनी खिशातून फ्लॉपी काढली. "आणि हिच्यात हे पांढरं काय आहे?"

"विभूती हाय," आप्पा म्हणाले. "ठिवून द्या तशीच."

आता दोन याद्या झाल्या. मी ठरवलं, ताडून बघू. इथं माझी थोडी तरी लाज राहील अशी आशा होती. मी छापील नाव वाचायचं, सुनंदानं वहीत खूण करायची. गावामागून गाव जुळत गेलं. यंत्रातलं एकूण एक नाव आप्पांच्या वहीत होतं. शेवटी वहीत बरोबर एक नाव जास्त निघालं, जे यंत्रात नव्हतंच. युसूफ वडगावच्या पानावर, वरून दुसरी ओळ. सुनंदानं बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

तिच्या वडिलांचं नाव होतं. माझे सासरे. जुन्या वहीतून टाइप करताना माझी ती एकच ओळ सुटली होती.

आप्पा दुसरीकडं बघायला लागले. दाजी पाणी प्यायला आत गेले. सुनंदा शांतपणे उठली, फ्लॉपी उचलली आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. "लोक काय बी म्हणू द्या," ती म्हणाली, "स्वामींची विभूती माझ्या बापाला पावली."

लग्न उत्तम झालं. मन्मथकाका सहकुटुंब आले. दारात आप्पांनी स्वतः तांब्या पुढं केला आणि काका गटागटा पाणी प्याले. आप्पांचे डोळे भरले होते, हे मी जवळून बघितलं. मग आप्पांनी मला हाताला धरून पुढं ओढलं, काकांसमोर उभं केलं आणि सांगितलं, "हा आमचा थोरला. इंजिनिअर हाय. समदी यादी यानंच केली."

मी तेव्हाही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. फक्त इतका फरक पडला आहे की आज घरातलं कुठलंही यंत्र अपडेट मागायला लागलं, आत्ता की नंतर असं विचारायला लागलं, की मी आधी वही काढतो, पहिल्या ओळीत सासऱ्यांचं नाव लिहितो, ते सुनंदाला दाखवून सही घेतो, आणि मगच 'नंतर'वर बोट ठेवतो.